बार्सिलोना ते अथेन्स, बस आणि तंबू: जोडप्याने जावं का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, नेहमीचाच आहे. लग्नाला चार वर्षं झालीत, तुम्ही ३२ च्या, नवरा ३४ चा. बार्सिलोना ते अथेन्स अशी १६ दिवसांची बस-कॅम्पिंग सहल बघून ठेवलीय. बसमध्ये चाळीसेक माणसं, बहुतेक परदेशी. हॉटेलच्या सहलीपेक्षा बरीच स्वस्त. दोघं शाकाहारी. एकमेकांसाठी वेळ मिळेल का, आणि या प्रकारासाठी आपलं वय उलटून तर गेलं नाही ना, असं विचारलंयत. दुसऱ्यांदा वाचताना तुमची शेवटची ओळ अडकली: ‘नवरा म्हणतो मजा येईल, पण माझी रात्री झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी डोकं धरतं.’ खरा प्रश्न हा आहे. जेवण, वय, एकांत हे सगळे त्याच्या मागे रांगेत उभे आहेत.

मी अशा बसबरोबर अकरा उन्हाळे काढले. पहिले तीन स्वयंपाकाला, पुढचे आठ टूर लीडर म्हणून. आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून पुण्यात बसून लोकांचे कार्यक्रम तपासून देते. तंबूवर माझा जीव आहे, हे आधीच सांगते. पण त्या अकरा उन्हाळ्यांत जोडपी भांडताना जेवढी पाहिली तेवढी कुठल्याच लग्नघरातही पाहिली नसतील, आणि दहातल्या नऊ वेळा कारण एकच असायचं. दोघांपैकी एकाची झोप झालेली नसायची आणि दुसऱ्याला ते कळलेलं नसायचं.

आता तुम्ही पाठवलेला कार्यक्रम. लोक ‘किती देश’ मोजतात. तुम्ही मुक्काम मोजा. बार्सिलोना दोन रात्री, अविन्याँ एक, नीस दोन, व्हेनिस एक, फ्लॉरेन्स दोन, रोम तीन, इटलीतल्या बारी बंदराहून ग्रीसला जाणाऱ्या बोटीवर एक, मेटिओराच्या कड्यांवरच्या मठांच्या पायथ्याशी कालाम्बाकाला एक, अथेन्स दोन. झाल्या पंधरा. त्यात बोट सोडून एका रात्रीचे मुक्काम तीन. एका रात्रीचा मुक्काम म्हणजे संध्याकाळी तंबू उभा करायचा आणि पहाटे पुन्हा गुंडाळायचा. पहाटे कापड दवाने ओलं असतं, वाळवायला वेळ नसतो, ते तसंच पिशवीत कोंबलं जातं आणि पुढच्या गावी ओलंच बाहेर निघतं. दोन रात्रींच्या मुक्कामात दुसऱ्या दिवशी तंबू उन्हात तापून कडकडीत वाळतो, तुमचे दोरीवरचे कपडेही वाळतात, आणि माणूस जरा माणसात येतो. तुमच्या कार्यक्रमात रोमला तीन रात्री आहेत, ही चांगली खूण. कार्यक्रम आखणारा कधीतरी स्वतः तंबूत झोपलेला असावा.

अंतरं बघितली तर एकूण रस्ता पावणेतीन हजार किलोमीटरच्या आसपास भरतो. बहुतेक दिवस अडीचशे ते साडेचारशे किलोमीटरचे आहेत, ते निभतात. नीस ते व्हेनिस हा दिवस मात्र सव्वापाचशेच्या वर जातो. गूगलवर दिसणारे तास बसला लागू नाहीत. युरोपीय संघाच्या नियमानुसार चालकाने सलग साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही (आठवड्यातून दोनदाच १० पर्यंत सूट), आणि रात्री साधारण ११ तास सलग विश्रांती, तीही आठवड्यात मोजक्याच वेळा ९ पर्यंत कमी करता येते. हे सगळं बसमधलं टॅकोग्राफ नावाचं यंत्र नोंदवतं, पोलीस रस्त्यात थांबवून तपासतात, आणि दंड जबर असतो. हे एवढं सविस्तर सांगतेय कारण बसमधली निम्मी भांडणं या नियमाच्या अज्ञानातून होतात. ‘चालकाला रात्री जरा शहरात सोडायला सांगा ना’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! तो सोडू शकत नाही. सोडलं तर उद्या सकाळी बस उशिरा निघेल आणि चाळीस जणांचं दुपारचं तिकीट बुडेल.

याचा तुमच्या एकांताशी थेट संबंध आहे. कॅम्प शहरात नसतात. रोमचे बहुतेक शहराच्या कडेला आहेत, व्हेनिसचे खाडीच्या पलीकडे मुख्य भूमीवर. तिथल्या फुझिनाच्या कॅम्पला उतरलात तर व्हेनिसच्या झात्तेरे धक्क्यापर्यंत बोटीने जायचं आणि शेवटच्या बोटीने परतायचं. म्हणजे ‘संध्याकाळी आम्ही दोघंच फिरू’ हे सगळं शेवटच्या बसवर आणि शेवटच्या बोटीवर लटकलेलं असतं. पहिल्याच दिवशी कॅम्पच्या कार्यालयातून परतीचं वेळापत्रक फोटो काढून ठेवा. टूर लीडर सांगेल, पण ती चाळीस जणांना सांगत असते.

बरं, झोप. सहलवाल्यांना तीन गोष्टी लेखी विचारा. तंबू कॅम्पमध्ये कायम उभे केलेले आहेत की रोज आपण उभारायचे? खाली नुसती चटई आहे की खाट किंवा फुगवायची गादी? आणि दोघांच्या तंबूत उभं राहता येतं का? ‘दोन माणसांचा तंबू’ याचा अर्थ बऱ्याचदा दोन माणसं आणि एकही बॅग नाही असा असतो. उत्तरं काय येतात त्यावर माझा सल्ला बदलेल. उभे तंबू आणि खाटा असतील तर मी डोळे मिटून जा म्हणेन. रोज उभारायचे असतील तर पुढचं वाचा.

बोट सोडून सगळ्याच रात्री तंबूत काढायच्या असं काही व्रत नाही. बहुतेक कॅम्पमध्ये छोट्या लाकडी खोल्या किंवा चाकांवरची घरं भाड्याने मिळतात, त्यांना तिकडे बंगलो म्हणतात. आपल्या बंगल्याशी त्यांचा नावापुरताच संबंध: दोन पलंग, एक खिडकी, कधी पंखा. दोन ठिकाणी ती खोली आधीच नोंदवा, व्हेनिस आणि कालाम्बाका. दोन्हीकडे एकच रात्र आहे, आणि व्हेनिसच्या आधी तो सव्वापाचशे किलोमीटरचा दिवस. शिवाय व्हेनिसच्या खाडीवरचे डास! रोमच्या तीन रात्रींतली मधली रात्र कॅम्प सोडा आणि शहरात साध्या हॉटेलात खोली घ्या. सामान तंबूत, एक पिशवी खांद्यावर. टूर लीडरला आदल्या दिवशी सांगितलंत की झालं, उलट ती मनातून खूश होते, कारण तेवढी दोन माणसं जेवायला कमी. आठव्या-नवव्या दिवसानंतर प्रत्येक गट चिडचिडा होतो, हे मी दर फेरीला पाहिलंय. तुमचा रोमचा मुक्काम बरोबर तिथे येतो. पंधरातल्या तीन रात्रींचे जादा पैसे मोजूनही सहल हॉटेलवालीपेक्षा स्वस्तच पडेल, आणि बोटीची रात्र सोडून उरलेल्या अकरा रात्री तुम्ही तंबूत हसतमुख असाल.

तंबूच्या रात्रींसाठी: कानात घालायचे बोळे, डोळ्यांवरची पट्टी, आणि घरची एक सुती चादर पिशवीसारखी शिवून. स्लीपिंग बॅगच्या आत ती घातली की गरम रात्री नुसत्या चादरीत झोपता येतं. उशी न्यावी की नाही यावर जगभर वाद आहेत, माझं मत न्यावी. आणि तंबूचं कापड म्हणजे भिंत नव्हे हे दोघांनीही लक्षात ठेवा. कुजबुज शेजारच्या तंबूत जशीच्या तशी ऐकू जाते, मग ती प्रेमाची असो की ‘तुझ्या आईने’ ने सुरू होणारी. मराठीत भांडलात तर शब्द कळत नाहीत, सूर कळतो.

वारा. अविन्याँला ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा वारा येतो, कोरडा, गार, आणि सुटला की दिवसेंदिवस थांबत नाही. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मी तिथे स्वयंपाकाचा मोठा तंबू घाईघाईत ठोकला होता, मेखा अर्ध्याच आत गेलेल्या. कॅम्पची जमीन तिकडे बहुधा मुरमाड असते, मेख वाकते पण शिरत नाही. रात्री दोनला तंबू उडाला आणि भिजवलेल्या राजम्यासकट शेजारच्या कुंपणावर जाऊन बसला. तेव्हापासून मी तंबूचं तोंड दक्षिणेला करते आणि मेख तिरकी ठोकते, डोकं तंबूपासून लांब झुकलेलं. मेख वाकली तर जागा बदलते, जोर लावत नाही.

महिना कोणता, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. रोम-अथेन्सला तेव्हा पारा सहज ३५ च्या वर जाऊ शकतो, तंबू सकाळी सातलाच भट्टी होतो, आणि तुमचं डोकं धरायला तेवढं पुरे. जुलै २०२३ मधल्या उष्णतेच्या लाटेत अथेन्सचं अ‍ॅक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवावं लागलं होतं. ऑगस्टमध्ये इटली सगळी सुट्टीवर, १५ तारखेला फेर्रागोस्तो हा मोठ्या सुट्टीचा सण, कॅम्प तुडुंब. मेचा उत्तरार्ध ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबर. सप्टेंबरला समुद्र कोमट असतो, गर्दी ओसरलेली असते. गणपती घरी असतील तर तारखा जुळवून घ्या, ते मी सांगायला नको. मेमध्ये गेलात तर कालाम्बाकाला रात्री स्वेटर लागेल.

एकमेकांसाठी वेळ म्हणाल, तर इथे माझं मत जरा उलटं वाटेल. वेळ कमी मिळेल याची भीती नाही, नको इतका मिळेल याची आहे. बसच्या सीटवर शेजारी, जेवताना शेजारी, तंबूत शेजारी. घरी तुम्ही दोघं दिवसाचे नऊ-दहा तास वेगळे असता, ते तिथे नाही. मी जोडप्यांना नेहमी सांगायचे, स्वयंपाकाच्या आणि भांड्यांच्या पाळीत दोघांनी वेगवेगळ्या गटात नाव द्या. एक जण कांदा चिरत कुणा न्यूझीलंडवाल्याशी गप्पा मारतो, दुसरा पाय पसरून पडतो. संध्याकाळी भेटल्यावर सांगायला काहीतरी असतं. बसमध्ये लांबच्या दिवशी निम्मा रस्ता वेगळं बसा. एकदा एका जोडप्याला नीसच्या बाहेर मीच असं वेगळं बसवलं होतं, तंबूच्या काठ्या कुणी विसरल्या यावरून दोघं पेटले होते. जेनोआ जाईपर्यंत ती झोपली, तो पुढे चालकाशी फुटबॉलवर बोलत बसला. काठ्या बसच्या पोटातच होत्या.

वयाचं म्हणाल तर बऱ्याच कॅम्पिंग सहलींना १८ ते ३५ अशी अट असते, तुमच्या सहलीला ती आहे का आणि तुमच्या तारखेला सरासरी वय काय, हे विचारा, सांगतात. सरासरी २१ असेल तर रात्री दोनपर्यंत गाणी चालू ठेवायचा हट्ट असणार, मग तुमच्यासाठी ती सहल नाही. तिथे मात्र कॅम्पचे नियम तुमच्या मदतीला येतात. इटलीत रात्री अकरानंतर आणि दुपारी दोन-अडीच तास ‘सिलेन्झियो’ असतो, तेव्हा गोंगाट तर नाहीच, फाटकातून गाडीही आत सोडत नाहीत.

जेवणाची चिंता सगळ्यात कमी करा. सामायिक स्वयंपाक असतो, पास्ता, भात, कोशिंबीर, कडधान्यं होतातच. फक्त शाकाहारी म्हणजे मासेही नाहीत आणि चिकनचं पाणीही नाही, हे पहिल्या दिवशी स्वयंपाक्याला तोंडी सांगा. अर्जातला खूण केलेला चौकोन कुणी वाचत नाही, मी वाचत नव्हते. बाहेर खाताना नीसला सोक्का शोधा: हरभऱ्याच्या पिठाचं मोठ्या तव्यावर भट्टीत भाजलेलं धिरडं, वर मिरपूड. बार्सिलोनाला टोमॅटो चोळलेला पाव. ग्रीसमध्ये फाव्हा नावाने जे येतं ते पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मी भात मागितला होता, वेटर चकित झाला. इटलीतल्या पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं, कडक पाळत असाल तर तेवढं सांभाळा.

घरून काय न्यायचं यात एक गोम आहे. युरोपीय संघात बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, कदाचित सासूबाईंनी प्रेमाने दिलेले तुपातले बेसनाचे लाडूही विमानतळावर काढून घेतले जाऊ शकतात. ताजा कढीपत्ताही नको. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कोरडा मसाला, भडंग न्या. गॅसची छोटी नळकांडी विमानात चालत नाहीत, आणि लागणारही नाहीत.

सामानात टॉवेलऐवजी दोन पंचे घ्या. तासाभरात वाळतात, उन्हात डोक्यावर घेता येतात. रोममधल्या मोठ्या चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, मेटिओराच्या मठांत बायकांना घोळदार वस्त्र लागतं. दारात गुंडाळायला देतात, पण स्वतःचं बरं. कॅम्पच्या तलावात पोहायचं तर इटलीत बहुतेक ठिकाणी टोपी सक्तीची, आणि फ्रान्समध्ये पुरुषांना ढगळ चड्डी चालत नाही, घट्टच लागते. नवऱ्याला आधीच सांगा, तिथे यंत्रातून विकत घेतलेली कुणालाच शोभत नाही. संडासात पाणी नसतं, एक रिकामी बाटली जवळ ठेवा. काही फ्रेंच आणि इटालियन कॅम्पमध्ये आपल्यासारखे बसके संडास असतात. बाकीचा गट किंचाळतो, आपण शांतपणे रांग चुकवतो.

व्हिसाबद्दल एवढंच, कारण इथे बरेच जण घसरतात. शेंगेन व्हिसा, म्हणजे बहुतेक युरोपीय देशांचा सामायिक व्हिसा, तुम्ही जिथे उतरता त्या देशाकडे मागायचा नसतो, जिथे सर्वाधिक दिवस राहता त्या देशाकडे मागायचा असतो. तुमचा हिशोब: स्पेन दोन रात्री, फ्रान्स तीन, इटली सहा, ग्रीस तीन. म्हणजे उतरायचं बार्सिलोनाला असलं तरी अर्ज इटलीकडे. पण सहल संपल्यावर एखाद्या ग्रीक बेटावर चार दिवस राहायचा तुमचा विचार लिहिलायत. मग ग्रीसच्या रात्री सात होतात आणि अर्ज ग्रीसकडे जातो. हा निर्णय आधी, मग अर्ज. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शुल्क जून २०२४ पासून माणशी ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. बारीहून बोटीने गेलात तर शेंगेनच्या बाहेर पडतच नाही. सहलवाल्यांनी ऐन वेळी अल्बेनियामार्गे रस्त्याने न्यायचं ठरवलं, तर मात्र एकदाच प्रवेशाचा व्हिसा चालणार नाही. तेही लेखी विचारा.

तिकिटांत फक्त दोन-तीन ठिकाणी लक्ष घाला. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून रविवारी बंद, फ्लॉरेन्सचं उफ्फिझी हे चित्रसंग्रहालय सोमवारी बंद. कोलोसियमच्या तिकिटावर नाव असतं, ते पासपोर्टवरच्या नावाशी जुळलंच पाहिजे, लग्नानंतर बदललेलं नाव पासपोर्टवर नसेल तर जुनंच टाका. सहलीत ‘कोलोसियम’ असं लिहिलेलं असलं तरी ते आतून की बाहेरून, हे विचारा.

आणि बारीची बोट. रात्रभराचा प्रवास आहे, तिकीट बहुधा नुसत्या खुर्चीचं असतं. केबिनचे जादा पैसे भरायचे का, तर तुमची झोप बघता हो, चौथी रात्र म्हणून तीही घ्या. नाही घेतलीत तर बस बोटीच्या पोटात शिरण्याआधी चादर, स्वेटर, औषधं आणि दात घासायचा ब्रश खांद्यावरच्या पिशवीत काढून घ्या. बोट सुटली की गाड्यांचा मजला कुलूपबंद करतात, आणि मग ग्रीसच्या इगुमेनित्सा बंदरापर्यंत तुमची बॅग बसमध्ये आणि तुम्ही वर.